बी.एस्सी.सोबत ‘नीट’ची तयारी : भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे गुण वाढतच नाहीत

भांडुपची_विद्यार्थिनी

नमस्कार. मी मुंबईतील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि सोबत ‘नीट’ची तयारी करते आहे; क्लासवाले ज्याला ‘पार्शल ड्रॉप’ म्हणतात, तो प्रकार. दहावीपर्यंत माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. अकरावीला गणित सोडून जीवशास्त्राचा गट घेतला, कारण डॉक्टर व्हायचे तर गणित लागत नाही, असे घरच्यांपासून प्रवेशाच्या खिडकीपर्यंत सगळ्यांनी सांगितले होते. बारावीला राज्य मंडळाच्या परीक्षेत जीवशास्त्रात 74, रसायनशास्त्रात 58 आणि भौतिकशास्त्रात 52 गुण मिळाले, आणि त्यातून प्रॅक्टिकलचे गुण बाजूला काढले तर लेखी परीक्षेत काय झाले असेल याची कल्पना कोणालाही येईल.

2025च्या नीटमध्ये मला 720 पैकी 298 गुण होते. उत्तरतालिकेवरून मी हिशेब मांडला तो असा (बरोबर उत्तराला 4 गुण, चुकीला वजा 1) : जीवशास्त्रात 58 बरोबर, 20 चूक, 12 सोडलेले, म्हणजे 212, रसायनशास्त्रात 19 बरोबर, 18 चूक, 8 सोडलेले, म्हणजे 58, भौतिकशास्त्रात 13 बरोबर, 24 चूक, 8 सोडलेले, म्हणजे 28. त्या वर्षी भौतिकशास्त्राचा भाग बहुतेकांना अवघड गेला होता हे खरे, पण बारावीचे 52 गुण काही त्या पेपरने दिलेले नाहीत.

यंदा अभ्यासाचे तास वाढवले आहेत. क्लासची व्याख्याने रात्री पुन्हा पाहते, प्रत्येक धड्याच्या टिपणांची वेगळी वही केली आहे आणि एनसीईआरटीचे पुस्तक पुन्हा पुन्हा वाचते. वाचताना सगळे समजते आणि पेपर समोर आला की काहीच सुचत नाही. मॉक टेस्टमध्ये जीवशास्त्र थोडे वर गेले आहे. बाकीचे दोन विषय जागचे हललेले नाहीत. त्यात पहिल्या सत्राच्या निकालात रसायनशास्त्राला एटीकेटी (थोडक्यात केटी; विषय राहिला, तो पुन्हा द्यायचा) लागली. घरी बाबांना अजून सांगितलेले नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. निगेटिव्ह मार्किंगमुळे इतके गुण जात असतील, तर भौतिकशास्त्राचे प्रश्न कमी सोडवावेत का? बी.एस्सी. सोडून पूर्ण वेळ ‘ड्रॉप’ घ्यावा का? आणि तिसरी गोष्ट म्हणजे, मी अमेरिकेतील प्री-मेड (वैद्यकीय प्रवेशाआधीची पदवी करणाऱ्या) विद्यार्थ्यांचे व्हिडिओ पाहते, त्यात विज्ञानाच्या विषयांत एकदा ग्रेड घसरली की पुढची वाट जवळजवळ बंद होते असे सांगतात. तर या केटीचा माझ्या एमबीबीएसच्या प्रवेशावर परिणाम होईल का?

परळचा_निवासी_डॉक्टर

तुम्ही आकडे इतके नेमके दिले आहेत की निम्मे उत्तर त्यांच्यातच आहे. तिसऱ्या प्रश्नाचे आधी सांगतो, कारण ते एका वाक्याचे आहे : एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या गुणवत्ता यादीवर होतो, बारावीचे भौतिक-रसायन-जीवशास्त्राचे गुण फक्त पात्रतेपुरते पाहिले जातात (खुल्या प्रवर्गाला तिन्ही मिळून 50 टक्के; तुमचे 61 होतात), आणि बी.एस्सी.च्या गुणांना त्यात कुठेही जागा नाही.

आता निगेटिव्ह मार्किंग. तुमचे गुण त्याने खाल्ले, अशी तुमची समजूत दिसते. हिशेब मात्र तसे सांगत नाही. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एकावर खूण केली, तर सरासरीने चार प्रश्नांत एकदा चार गुण मिळतात आणि तीनदा एकेक गुण जातो, म्हणजे चार प्रश्नांमागे एक गुण उरतोच. निव्वळ अंदाजाने फायदा नगण्य होतो, पण सरासरीने तोटा होत नाही. हे लक्षात घेऊन तुमचे भौतिकशास्त्र पाहा. तुम्ही 37 प्रश्नांना हात घातलात. त्यांतले पाच तुम्हाला खरोखर येत होते आणि उरलेल्या 32 पैकी चौथा हिस्सा, म्हणजे आठ, नशिबाने बरोबर आले असे धरले, तर 13 बरोबर आणि 24 चूक हा तुमचा निकाल तंतोतंत निघतो. रसायनशास्त्रात याच रीतीने 13 येत होते आणि 24 पैकी सहा नशिबाने आले. जीवशास्त्रात येत असलेल्या प्रश्नांची संख्या 51च्या घरात जाते. हिशेब ढोबळ आहे हे मान्य, कारण एखादा पर्याय बाद करून केलेली खूण निव्वळ अंदाज नसते. पण ती गोष्ट धरली तर येत असलेल्या प्रश्नांची संख्या आणखी खालीच जाते.

कडू वाटेल, पण यातून कामाचा निष्कर्ष निघतो. प्रश्न कमी सोडवून तुमचे गुण वाढणार नाहीत. भौतिकशास्त्राचे 45 पैकी 40 प्रश्न तुमच्या हातात नव्हते, आणि ही अडचण पेपर सोडवण्याच्या तंत्राची नसून विषयाची आहे. क्लासमध्ये ‘अॅक्युरसी वाढवा’ असे सांगतात, ते ज्याला 35 प्रश्न येतात त्याच्यासाठी असते.

तेव्हा एक काम करा. तोच 2025चा पेपर घ्या, त्यातले फक्त भौतिक आणि रसायनशास्त्र काढा आणि घड्याळ न लावता, पुस्तक न उघडता, कच्च्या कागदावर पूर्ण मांडणी करून सोडवा. लागू द्या दोन-तीन संध्याकाळी. मग प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे एका ओळीत कारण लिहा : कल्पनाच ठाऊक नव्हती, की कल्पना ठाऊक होती पण कोणते सूत्र लावायचे ते कळले नाही, की मांडणी बरोबर होऊन आकडेमोड चुकली, की प्रश्नाचे इंग्रजी वाक्यच नीट लागले नाही. शेवटचे कारण मराठी माध्यमातून आलेल्या मुलांमध्ये जितके असते तितके कोणी कबूल करत नाही. लांबलचक इंग्रजी वाक्यातून ‘दिलेले काय आणि विचारलेले काय’ हे वेगळे काढायलाच ज्याला मिनिट लागते, तो 180 मिनिटांत 180 प्रश्न असलेल्या पेपरात हरणारच, त्याचे भौतिकशास्त्र कसेही असो. 2021 ते 2024 या काळात काही प्रश्न ऐच्छिक होते आणि 2022 ते 2024 या वर्षांत पेपरला 200 मिनिटे होती. 2025पासून ती सवलत गेली आहे.

घड्याळ न लावता सोडवूनही गुण तेवढेच आले, तर वेगाचा विचार आत्ता सोडून द्या. गुण एकदम वाढले, तर मात्र अडचण वेळेची आहे आणि तिचा इलाज निराळा आहे.

निवृत्त_रसायन_शिक्षिका

मी दादर-माटुंगा परिसरात कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षे रसायनशास्त्र शिकवले, म्हणून तुला एकेरीत लिहिते आहे. वरच्या उत्तरातला हिशेब मला आवडला, पण त्यात एक कारण राहिले आहे आणि माझ्या मते तुझ्या दोन्ही विषयांचे मूळ तेच आहे. तू अकरावीला गणित सोडलेस. नीटला गणिताचा पेपर नसतो, म्हणून ‘गणित लागत नाही’ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात ते भौतिकशास्त्राच्या पानापानांत असते आणि रसायनशास्त्राच्या निदान एक-तृतीयांश भागात असते. जीवशास्त्राचा गट घेतलेल्या मुलांना सदिश, आलेख, लॉगॅरिदम आणि थोडे अवकलन-समाकलन कोणी वेगळे बसवून शिकवत नाही, आणि मग मूल समजते की आपल्याला भौतिकशास्त्र येत नाही.

उदाहरण घे. एका द्रावणात हायड्रोजन आयनांची संहती दर लिटरला 2 × 10⁻³ मोल आहे, पीएच किती? व्याख्या तुला पाठ असणारच. पण 2चा लॉग 0.30 हे डोक्यात नसेल आणि उत्तर 3 वजा 0.30, म्हणजे 2.70 येते ही क्रिया हाताला नसेल, तर तू 3.3 आणि 2.7 या दोन पर्यायांपुढे थबकणार. विद्यार्थी 3.3 लिहितात आणि घरी सांगतात की आयनिक समतोल कठीण आहे. आयनिक समतोल त्या प्रश्नात आलाच नव्हता. तसेच उताराचे : 30 अंशांच्या गुळगुळीत उतारावरून घसरणाऱ्या वस्तूचे त्वरण g sin 30°, म्हणजे g चे निम्मे. ज्याला sin आणि cos यांतले कोणते कुठे लावायचे हे आकृती काढून ठरवता येत नाही, त्याने न्यूटनचे तीनही नियम शब्दशः पाठ केले तरी उपयोग नाही.

म्हणून सगळ्यात आधी, बाकी काही न करता, गणिताची एक छोटी वही कर. तीत त्रिकोणमितीच्या नेहमीच्या कोनांच्या किमती, घातांकांचे नियम, 2, 3, 5 आणि 7 यांचे लॉग, सरळ रेषेचा चढ आणि आलेखाखालचे क्षेत्रफळ, सदिशांचे घटक पाडणे, xⁿ चे अवकलन व समाकलन, आणि 1.73, 1.41, 3.14 अशा संख्यांनी कॅल्क्युलेटरशिवाय भागाकार करण्याचा सराव, इतके असू दे. पंधरवड्याचे काम आहे. याला अभ्यास वाया गेला असे समजू नकोस.

दुसरी गोष्ट तुझ्या वाचण्याबद्दल. ‘वाचताना सगळे समजते’ हे वाक्य मी वर्गात इतक्या वेळा ऐकले आहे की ते ऐकताच मी मुलाच्या हातातले पुस्तक काढून घेत असे. दुसऱ्याने सोडवलेले गणित पाहणे म्हणजे शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून क्रिकेट शिकणे. यावर संशोधनही झालेले आहे. रॉडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला आणि दुसऱ्याने तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे रात्री व्याख्यान दुसऱ्यांदा पाहिल्यावर जे समाधान वाटते ते खोटे नसते, फक्त ते परीक्षेच्या दिवसापर्यंत टिकत नाही.

रसायनशास्त्र हे एक पुस्तक असले तरी तीन स्वभावांचे विषय त्यात कोंबलेले आहेत. भौतिक रसायन सोडवून येते. असेंद्रिय रसायन एनसीईआरटीच्या ओळी झाकून, तक्ता स्वतः कोऱ्या कागदावर उतरवून येते. तिथे पाठांतराला पर्याय नाही आणि त्यात कमीपणाही नाही. सेंद्रिय रसायन मात्र प्रत्येक अभिक्रिया सुटी पाठ करून कधीच येत नाही. इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात हे बाणांनी दाखवता येईपर्यंत पुढे जाऊ नये, आणि त्यासाठी प्रेरण परिणाम, संस्पंदन आणि कार्बोकॅटायनची स्थिरता एवढे पक्के झाले की निम्म्या अभिक्रिया आपोआप सुचू लागतात.

सुरुवात मोल संकल्पनेपासून कर. 4.4 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडमध्ये ऑक्सिजनचे अणू किती, हे पुस्तक मिटून सोडव. 44 हे रेणुवस्तुमान, म्हणून 0.1 मोल रेणू. प्रत्येक रेणूत ऑक्सिजनचे दोन अणू, म्हणून 0.2 मोल अणू. म्हणजे सुमारे 1.2 × 10²³. तू 6 × 10²² वर थांबलीस, तर रेणू आणि अणू यांतला फरक तुझ्या हातात अजून उतरलेला नाही, आणि त्याच एका गोष्टीमुळे पुढे स्टॉइकिओमेट्री, द्रावणे आणि विद्युतरसायन हे तिन्ही धडे अडतात.

जाता जाता, बाबांना केटीचे सांगून टाक. लपवलेल्या गोष्टीचा भार अभ्यासावर पडतो.

गिरगावचा_वाचक

माझे मत थोडक्यात देतो. दोन होड्यांवर पाय ठेवून काही होत नाही. बी.एस्सी. सोडावी, एक वर्ष पूर्ण द्यावे आणि निकाल काय तो लावावा. सकाळी कॉलेज, दुपारी प्रॅक्टिकल, लोकलची गर्दी, संध्याकाळी क्लास आणि रात्री जर्नल, असा दिवस असलेल्या मुलीकडून 45-45 प्रश्नांच्या सरावाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

मुलुंडची_मावशी

अमेरिकेतील व्हिडिओंबद्दल लिहिते, कारण माझी भाची न्यू जर्सीत शिकते आणि तिच्या निमित्ताने ती पद्धत मला जवळून पाहायला मिळाली. तिथे बारावीनंतर थेट वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश सहसा नसतो. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट नावाची 472 ते 528 गुणांची परीक्षा, आणि मग अर्ज. त्या अर्जात पदवीच्या काळातले जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित यांचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, वेगळा काढून पाहिला जातो. एखादा विषय पुन्हा घेऊन चांगली ग्रेड मिळवली, तरी मुख्य केंद्रीय अर्जपद्धतीत दोन्ही वेळच्या ग्रेड धरल्या जातात. म्हणून तिथल्या मुलांना ऑरगॅनिक केमिस्ट्रीत ‘सी’ मिळाला की घाम फुटतो, आणि तो फुटणे रास्तही आहे. पण ती भीती इकडे आणून कवटाळण्याचे काही कारण नाही. तिथे चार वर्षांचा आलेख पाहतात, इथे एका दुपारचा पेपर. कोणती पद्धत बरी यावर वाद घालता येईल. माझ्या भाचीच्या आईला मुंबईची बरी वाटते आणि मला तिथली.

एक गोष्ट मात्र त्या व्हिडिओंतून घेण्यासारखी आहे. तिथली मुले प्राध्यापकांच्या ठरलेल्या वेळेत त्यांच्या खोलीत जाऊन ‘हे मला येत नाही’ असे बिनदिक्कत सांगतात. आपल्याकडे शंका विचारायला गेलेला मुलगा आधी दारात दोन मिनिटे चपला सरळ करत बसतो.

सूक्ष्मजीवशास्त्र_एमएस्सी

गिरगावच्या वाचकांशी मी सहमत नाही, आणि माझे मत याच वाटेने गेल्यामुळे बनले आहे. मी पार्शल ड्रॉप घेतला होता, नीटमधून एमबीबीएसला जागा मिळाली नाही, आणि आज सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. पूर्ण ड्रॉप कोणी घ्यावा? ज्याचे दोन विषय पक्के आहेत, तिसऱ्यात थोडे कमी पडते आहे आणि ज्याला फक्त वेळ हवा आहे, त्याने. ज्याला काय चुकते हेच अजून कळलेले नाही, त्याने वर्ष रिकामे केले तर तेच वाचन सहा तासांऐवजी बारा तास होते. इथे तर मूळ तक्रारच अशी आहे की तास वाढवूनही गुण वाढले नाहीत.

शिवाय घरात बसून होणाऱ्या अभ्यासाबद्दल मुंबईत फार गोड कल्पना करू नयेत. दीड खोलीच्या घरात दुपारी कुकर, टीव्ही आणि पाहुणे यांच्यामध्ये अभ्यास होत नाही. कॉलेजचे वाचनालय, महापालिकेची अभ्यासिका आणि ओळखीचे चार वर्गमित्र ही पदवीच्या प्रवेशासोबत येणारी मिळकत आहे.

बी.एस्सी. चालू ठेवायची असेल, तर ती कमीत कमी खर्चात चालू ठेवायला शिकावे लागते. मुंबई विद्यापीठात 75 टक्के उपस्थितीचा नियम आहे. महाविद्यालये तो कमी-अधिक कडकपणे पाळतात, पण प्रॅक्टिकलला दांडी मारू नये, कारण जर्नल प्रमाणित झाले नाही की पुढचा व्याप वाढतो. प्रवास लांबचा असेल, तर त्याच प्रवासात जर्नलच्या आकृत्यांची आणि जीवशास्त्राची उजळणी उरकावी आणि घरातली किंवा अभ्यासिकेतली शांत वेळ फक्त भौतिक व रसायनाच्या गणितांसाठी राखावी. माझ्या ओळखीतली बरीच मुले नेमके उलटे करतात. दमलेल्या डोक्याने रात्री गणिते आणि ताज्या डोक्याने सकाळी जीवशास्त्र, कारण जीवशास्त्र केल्याने अभ्यास झाल्यासारखा वाटतो.

केटीबद्दल. पदवीच्या लेखी परीक्षेत मुद्दे मांडून, समीकरण आणि आकृती देऊन उत्तर लिहावे लागते. नीटला गोल काळा करायचा असतो. दिवसभर बहुपर्यायी प्रश्न करणारी मुले दीर्घोत्तरी पेपरात चार ओळींत संपतात आणि केटी लागते. त्यामुळे ही केटी बुद्धीचे मोजमाप नाही, पण ती तशीच लोंबकळत ठेवूही नये. मागील प्रश्नपत्रिका वाचनालयात मिळतात. त्यांतील नेहमीचे प्रश्न लिहून काढले तर पहिल्याच संधीला सुटते. त्यातला बराच भाग, म्हणजे अणुसंरचना, रासायनिक बंध आणि ऊष्मागतिकी, नीटलाही आहेच.

आणखी एक व्यवहाराची बाब. प्रवेश मिळालाच तर मूळ कागदपत्रे लागतात आणि त्यांतला दाखला बहुधा पदवी महाविद्यालयाकडे जमा असतो. तो परत मिळवण्याची पद्धत कार्यालयात आधीच विचारून ठेवावी; फेरीची मुदत थोड्या दिवसांची असते.

शेवटी, नीट म्हणजे फक्त एमबीबीएस नव्हे. महाराष्ट्रात बीएएमएस, बीएचएमएस आणि फिजिओथेरपीचे प्रवेशही नीटच्या गुणांवर राज्य सीईटी कक्षामार्फत होतात, आणि बी.एस्सी. नर्सिंगसाठी त्याच कक्षाची वेगळी सीईटी आहे. यांपैकी काही मनापासून हवे आहे का, हे निकाल लागल्यानंतरच्या घाईत ठरवू नये. ‘एमबीबीएस नाही तर निदान हे’ म्हणून फिजिओथेरपीला गेलेली मुलगी आणि फिजिओथेरपीच करायची म्हणून गेलेली मुलगी यांची शिक्षणाची वर्षे सारखी जात नाहीत.

भांडुपची_विद्यार्थिनी

सर्वांचे मनापासून आभार. बाईंनी सांगितल्याप्रमाणे आधी घरी सांगितले. बाबा रागावले नाहीत, फक्त केटीची फी किती असते ते विचारले.

डॉक्टरांनी सांगितले तसे मी दोन्ही विषय घड्याळाशिवाय सोडवले. रसायनशास्त्रात 26 बरोबर आले, भौतिकशास्त्रात 15. कारणे लिहायला बसल्यावर जे दिसले ते अपेक्षेपेक्षा वेगळे निघाले. रसायनशास्त्रातील बहुतेक चुका असेंद्रिय भागातल्या आहेत, म्हणजे जो भाग मी ‘वाचला की होतो’ असे समजत होते तोच. भौतिकशास्त्रात आकडेमोडीच्या चुका मोजक्या आहेत. बहुतेक ठिकाणी सूत्र पाठ होते, पण आकृतीच काढता आली नाही. इंग्रजी वाक्यामुळे अडलेले प्रश्न तीन-चारच होते.

आता दोन शंका राहतात. क्लासमध्ये सध्या घूर्णन गती चालू आहे आणि मला तिच्यातले काहीच कळत नाही. क्लाससोबत राहावे की मागे जावे? आणि नीटचा पेपर मराठीतून घ्यावा का?

परळचा_निवासी_डॉक्टर

आकृती काढता येत नाही हे तुमचे तुम्हाला सापडले, हे चांगले झाले. 15 आणि 26 हे आकडेही बोलके आहेत. घड्याळ काढल्याने रसायनशास्त्रात लक्षणीय फरक पडला, म्हणजे तिथे वेळेचाही वाटा आहे. भौतिकशास्त्रात जवळजवळ पडला नाही.

घूर्णन गतीच्या वर्गात बसा, पण घरी तिचा अभ्यास आत्ता करू नका. तिच्यातली प्रत्येक कल्पना सरळ रेषेतील गतीच्या एखाद्या कल्पनेवर उभी आहे : बलाच्या जागी बल-आघूर्ण, वस्तुमानाच्या जागी जडत्व-आघूर्ण, संवेगाच्या जागी कोनीय संवेग. ज्याला ठोकळ्यावरची बले आकृतीत दाखवता येत नाहीत, त्याला घरंगळणाऱ्या गोळ्यावरची दाखवता येणार नाहीत. आधी सदिश, मग न्यूटनचे नियम आणि घर्षण, मग कार्य-ऊर्जा, आणि त्यानंतर घूर्णन, हा क्रम मोडू नका. प्रत्येक गणितात सूत्र लिहिण्यापूर्वी वस्तू वेगळी काढून तिच्यावरची सगळी बले बाणांनी दाखवायची आणि अक्ष ठरवायचे, हा दंडक स्वतःला घाला. सुरुवातीला एका गणिताला दहा मिनिटे लागतील. लागू द्यात. त्याच काळात समांतर म्हणून विद्युतधारा, अर्धवाहक, प्रकाशविद्युत परिणाम आणि अणू व अणुकेंद्रक हे धडे घ्या. त्यांना यांत्रिकीचा पाया फारसा लागत नाही, त्यांवरचे बरेच प्रश्न एका-दोन पायऱ्यांचे असतात, आणि मधल्या काळात मॉक टेस्टमध्ये काहीतरी हललेले दिसले तर धीर राहतो.

मराठी पेपरबद्दल : नीट 13 भाषांत होते आणि त्यांत मराठी आहे, मराठीची निवड केली तर पुस्तिकेत इंग्रजी मजकूरही सोबत असतो, आणि भाषांतराबद्दल वाद झाला तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. पण तुम्ही अकरावीपासून इंग्रजीतून शिकलात, एनसीईआरटी इंग्रजीतून वाचता आणि सरावाचे प्रश्नही इंग्रजीतच सोडवता. भाषेमुळे अडलेले प्रश्न तीन-चारच असतील, तर आता भाषा बदलण्याइतके कारण मला दिसत नाही. अर्ज भरताना भाषा निवडावी लागते, तेव्हा तोपर्यंत एक मॉक टेस्ट इंग्रजीत द्या आणि अडलेली वाक्ये पुन्हा मोजा.

पूर्ण ड्रॉपचा निर्णयही तसाच मोजून घ्या. सध्या बी.एस्सी. सोडू नका. नीटला वयाची वरची मर्यादा नाही आणि किती वेळा द्यावी यावरही बंधन नाही, त्यामुळे याच आठवड्यात ठरवलेच पाहिजे असे काही नाही. यांत्रिकी आणि ते चार धडे झाल्यावर न पाहिलेल्या जुन्या पेपरातले भौतिकशास्त्र पुन्हा घड्याळाशिवाय सोडवा. 15चे 25 झाले तर पद्धत लागू पडली असे समजा, आणि मग जास्त वेळ मिळण्याला खरोखर अर्थ येईल. 16 झाले तर वेळ हा प्रश्नच नाही, आणि मग वर्ष मोकळे करण्यापूर्वी एखाद्या शिक्षकांसमोर बसून दहा गणिते त्यांच्या देखत सोडवावी लागतील.

निवृत्त_रसायन_शिक्षिका

असेंद्रियाचे मला आश्चर्य वाटले नाही. पी-खंडापासून सुरुवात कर. गट 13 ते 18 यांची इलेक्ट्रॉन संरचना, गुणधर्मांतले कल आणि ऑक्सिडीकरण अवस्था कोऱ्या कागदावर लिहायच्या, मग पुस्तक उघडून लाल पेनने दुरुस्त करायच्या आणि तो कागद तारीख घालून ठेवून द्यायचा. चार दिवसांनी पुन्हा, मग दहा दिवसांनी. नवी वही करू नकोस. तुझ्याकडे वह्या पुरेशा झाल्या आहेत.